गाडी तापली की पहिला आणि रिव्हर्स पडत नाही: क्लच की गिअरबॉक्स?

वळणवाट
मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या चाकांवर चालणारी पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक, क्लच हायड्रॉलिक. गाडी गार असताना सगळे गिअर मुकाट पडतात. रहदारीत फिरून इंजिन चांगलं तापलं की मात्र उभ्या गाडीत पहिला टाकायला दोन्ही हात लावावेत असं वाटतं, आणि रिव्हर्स टाकताना असा 'खर्रर्र' आवाज येतो की रस्त्यावरचे लोक वळून बघतात. चालत्या गाडीत तिसरा, चौथा, पाचवा यांची काही तक्रार नाही. दुसरा किंचित जड लागतो, पण हल्ली माझं लक्षच तिकडे असतं म्हणून तसं वाटत असेल.

दोन ठिकाणी दाखवली. एकाने बॉनेटही न उघडता 'सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणाऱ्या कड्या) गेलेत, गिअरबॉक्स उतरवावा लागेल' असं सांगून टाकलं. दुसरा म्हणाला क्लचचा अख्खा सेट बदला. गाडी कुणाच्या ताब्यात देण्याआधी आपलं आपण काय तपासता येईल? पाने-पक्कड हाताळायची सवय आहे, गाडीखाली शिरायची नाही.

घाईत
गिअर ऑइल बदला. माझ्या गाडीचं तेवढ्यावरच सुटलं होतं.

तेलकट हात
घाईत, थांबा जरा. वळणवाट, आधी एवढंच सांगा: इंजिन बंद असताना गिअर कसे पडतात?

सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगडाची उटी लावा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर फिरवून बघा. गाडी तापलेली असतानाच हे करायचं, म्हणजे तक्रार जेव्हा असते तेव्हा. एखादा गिअर अडला तर लगेच घाबरू नका. आत दातासमोर दात येऊन थांबला असेल. न्यूट्रलला आणून क्लच एकदा सोडा, गाडी तसूभर पुढे ढकला आणि पुन्हा टाकून बघा.

इंजिन बंद असताना सगळे सुरळीत पडतात आणि चालू केलं की अडतात, असं असेल तर संशय क्लचवर. बंद असतानाही तसेच जड असतील तर लिव्हर, केबल, बुश किंवा गिअरबॉक्सच्या आतलं काहीतरी.

चक्रधरकाका
तेलकट हात यांनी नेमका प्रश्न विचारलाय. त्यात थोडी भर घालतो. आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, आता हात थांबलेत पण तोंड चालू आहे.

पहिला आणि रिव्हर्स उभ्या गाडीतच का अडतात हे कळलं की निम्मं निदान झालं. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना इंजिन क्लचप्लेटला फिरवतं आणि क्लचप्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला. गाडी उभी, म्हणजे चाकाकडचा शाफ्ट स्थिर. आता गिअर टाकायचा तर फिरणारा इनपुट शाफ्ट थांबायला हवा. क्लच पूर्ण दाबला की प्लेट फ्लायव्हीलपासून सुटते, आणि मग तो शाफ्ट तेलाच्या विरोधानेच दोन-चार सेकंदांत थांबतो. प्लेट अर्धवट सुटली तर इंजिन त्याला फिरवतच राहतं. याला आम्ही 'क्लच ओढतोय' म्हणायचो. पहिल्याला बहुतेक गाड्यांत सिंक्रो असतो, तो बिचारा शाफ्टला थांबवायला बघतो, पण समोर अख्खं इंजिन असतं. म्हणून पहिला जड. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रोच नसतो, त्यामुळे तिथे दातावर दात घासतात. तो तुमचा खर्रर्र.

चालत्या गाडीत वरचे गिअर बदलताना जुळवायचा फरक कमी असतो, त्यामुळे थोडा ओढणारा क्लच तिथे लपून जातो. तुमच्या वर्णनावरून मला क्लचचा वास येतोय. तरी नुसत्या वर्णनावर पैज लावणार नाही.

हे करून बघा. गाडी तापलेली, इंजिन चालू, आयडलिंग नॉर्मल. न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबून मनात दहा आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला तर क्लच सुटतोय, तुमची घाईच होत होती. दहा मोजूनही खर्रर्र झालं तर क्लच ओढतोय. दुसरी खूण: समोर मोकळी जागा बघून पहिल्यात घाला, क्लच तळाशी दाबून ठेवा, ब्रेक हलकेच सैल करा आणि दुसऱ्या कुणाला तरी बाहेरून बघू द्या, गाडी पुढे सरकायला बघते का.

आणि हो, पेडलखालची मॅट काढून टाका आधी. हसू नका. जाड मॅट दुमडून पेडलखाली अडकली की क्लच पूर्ण दाबला जात नाही, आणि लोक गिअरबॉक्स उघडून बसतात.

घाईत
काका, मॅटवर अख्खा धागा निघू शकतो. (ह. घ्या.)

नटबोल्ट
इंजिन बंद असतानाही जड असेल तर त्या बाजूचं मी लिहून ठेवतो, पुढे कुणाला तरी लागेल.

आडव्या इंजिनाच्या गाड्यांत लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत बहुधा दोन केबल जातात. एक डावं-उजवं निवडते, दुसरी पुढे-मागे ढकलते. जडपणा कुठल्या दिशेला आहे ते हाताला नीट जाणवतं. पहिल्याच्या रांगेतून पाचव्याच्या रांगेकडे जाताना लिव्हर चिकटत असेल तर निवडणारी केबल. रांगेत आल्यावर पुढे-मागे अडत असेल तर दुसरी. बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या केबलांची टोकं सापडतात. प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये गोल बॉल बसवलेला असतो. इंजिन बंद करून ते टोक अलगद उचकटायचं आणि गिअरबॉक्सवरचा छोटा दांडा हाताने हलवायचा. तो सहज हलला, टक टक करत जागेवर बसला, तर गिअरबॉक्स निर्दोष आणि केबल गुन्हेगार. दांडाच जड असेल तर तो ज्या खिट्टीवर फिरतो तिथे गंज चढलाय का बघा. तिथे पाणी आणि धूळ बसते. गिअरबॉक्स न उतरवता तेवढं साफ करून वंगण देता येतं.

इंजिनाचं फाउंडेशन (ज्या रबरी आधारावर इंजिन बसतं ते) बसलं असेल तरी गिअर जड पडतात, पण एक फरक असतो. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की गिअरचा दांडा पुढे-मागे डोलतो, आणि जोरात पळवतानाच गिअर बदलायला त्रास होतो.

वळणवाट
सगळ्यांचे आभार. बघितलं करून.

मॅट मुळातच काढलेली होती. तापलेल्या गाडीत इंजिन बंद करून सगळे गिअर एका बोटाने पडतात, रिव्हर्ससुद्धा. इंजिन चालू करून दहा मोजले, वीस मोजले, खर्रर्र तसाच. पहिल्यात घालून क्लच दाबून ठेवला तर गाडी सरकायला बघते, शेजारी उभ्या असलेल्या भावाने खात्रीने सांगितलं.

आणखी एक हाती लागलं. क्लच पटापट तीन-चारदा मारला आणि चौथ्यांदा दाबून ठेवला की रिव्हर्स पडतो! थोडासा आवाज होतो, पण पडतो. याचा अर्थ काय?

तेलकट हात
याचा अर्थ क्लचप्लेटचा सेट विकायला बसलेल्या माणसाला अजून थांबायला सांगा.

पेडल मारल्यावर सुधारतंय म्हणजे पेडल आणि क्लचच्या मध्ये जे तेल आहे तिथे गडबड. पेडल मास्टर सिलिंडरला दाबतं, तिथलं ब्रेक ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरला ढकलतं, आणि स्लेव्हची काडी क्लचच्या फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दांड्याला. मास्टरचं किंवा स्लेव्हचं सील गेलं, किंवा नळीत हवा शिरली, तर पेडल तेवढंच दाबलं जातं पण फोर्क पुरता सरकत नाही. भराभर मारलं की दर वेळी थोडं नवं तेल पुढे जातं आणि तेवढ्यापुरती चाल वाढते.

तापल्यावरच का होतं? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०. स्लेव्ह गिअरबॉक्सला चिकटून बसलेला, इंजिनाची धग खात. नळीत हवा असेल तर तीही गरम झाल्यावर फुगते, आणि जुनं रबरी सील गरम असताना दाब धरत नाही.

आता बघा:
बॉनेटखालच्या टाकीत तेल किती आहे, रंग कसा आहे. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते.
पेडलच्या मागे, जिथून काडी आत जाते, तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर गळतोय. कार्पेटचा तो कोपराही चाचपा.
स्लेव्ह बाहेरच्या बाजूला असेल तर त्याच्या तोंडाचं रबरी बूट जरासं मागे सारून आत ओल आहे का बघा. किंचित दमटपणा चालतो, थेंब नाही.

पातळी दिवसेंदिवस खाली जात असेल तर आधी गाडी उभी करा, कारण तिथून ब्रेकलाही तेल जातं.

चक्रधरकाका
शेवटच्या वाक्याला दुजोरा. अशा टाकीत क्लचची नळी बहुधा वरच्या अंगाला काढलेली असते, म्हणजे क्लच गळला तर आधी क्लच जावा आणि ब्रेकपुरतं तेल खाली राहावं. पण त्या सोयीवर विसंबून फिरू नका.

आणि एक: काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतोच, क्लच हाउसिंगच्या आत इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळला तर ओल हाउसिंगच्या तळाशी येते आणि बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तुमचा कुठे आहे ते आधी बघा. बाहेर असेल तर नशीबवान.

मृदुला_एस
मध्येच घुसते, माफ करा. वेगळा धागा काढू का? माझ्या गाडीत फक्त दुसरा गिअर त्रास देतो. पहिल्यावरून दुसऱ्यावर नेताना क्रर्र असा बारीक घास, आणि जास्त करून गाडी गार असताना. रिव्हर्स, पहिला, बाकी सगळे ठीक. पाच-दहा मिनिटं चालवली की बरंच कमी होतं.

नटबोल्ट
वेगळा नको. दोन्ही शेजारी राहू देत. तुमची तक्रार वळणवाट यांच्या बरोबर उलटी आहे, वाचणाऱ्याला फरक कळेल.

चक्रधरकाका
मृदुलाताई, एकच गिअर, तोही चालत्या गाडीत, आणि रिव्हर्स शांत. इथे क्लचला दोष देता येत नाही. क्लच ओढत असता तर आधी रिव्हर्सने बोंब मारली असती. हा त्या गिअरच्या सिंक्रोचा मामला दिसतोय.

सिंक्रो म्हणजे पितळेची किंवा तत्सम धातूची एक कडी, आतून निमुळती, खाचा पाडलेली. गिअर टाकताना ती गिअरच्या निमुळत्या अंगावर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग सारखा करते आणि वेग जुळेपर्यंत स्लीव्हला, म्हणजे गिअर शाफ्टला जोडणाऱ्या सरकत्या कड्याला, पुढे सरकू देत नाही. खाचा झिजल्या की कडी तेलाचा थर कापू शकत नाही, घसरते, आणि स्लीव्ह वेग जुळण्याआधीच आत घुसते. तो घास. गार असताना तेल घट्ट, थर कापायला आणखी अवघड, म्हणून तेव्हा जास्त.

खात्री करून घ्यायची सोपी रीत आहे: डबल क्लचिंग. पहिल्यात गाडी पळवा, क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच पूर्ण सोडा, क्षणभर इंजिनाचा वेग उतरू द्या, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाका. मधे क्लच सोडल्यामुळे इनपुट शाफ्टचा वेग इंजिनाबरोबर खाली येतो आणि सिंक्रोचं काम तुम्हीच केलेलं असतं. अशाने दुसरा लोण्यासारखा पडला तर कडी झिजली आहे हे जवळपास नक्की. खाली येताना, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, हीच युक्ती. फक्त न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर ॲक्सिलरेटरला हलका टोला द्यायचा, कारण तिथे वेग वाढवायचा असतो.

अवांतर: कॅडिलॅकने १९२८ साली सिंक्रो आणण्यापूर्वी जगातले बहुतेक ड्रायव्हर प्रत्येक गिअरला हेच करत होते. त्यामुळे लगेच काही कोसळत नाही.

तुमच्या गिअरबॉक्समध्ये शेवटचं तेल कुठलं भरलंय?

मृदुला_एस
डबल क्लचिंग केलं. अजिबात आवाज नाही! तेलाच्या पावतीवर '८०डब्ल्यू-९०, जीएल-५' असं आहे. पुस्तिकेत '७५डब्ल्यू-९०, जीएल-४' आहे. गॅरेजवाले म्हणाले पाच हे चारापेक्षा भारी, म्हणून टाकलं.

घाईत
बघा! मी पहिल्या प्रतिसादापासून तेल म्हणतोय.

वंगणवेडा
आता बोलावंच लागेल. जीएल-५ हे जीएल-४ चं भारी रूप नाही. ते वेगळ्या कामासाठी आहे. मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड गिअरचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरत जातात, त्यासाठी जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असते. पुढच्या चाकांच्या गाडीत गिअरबॉक्सच्या पोटातच डिफरन्शियल असतं, पण तिथे साधारणपणे तिरप्या दातांचे साधे गिअर असतात, हायपॉइड नाही. त्यांना एवढ्या दाबाच्या औषधाची गरज नसते. उलट सिंक्रोच्या कडीला घर्षण हवं असतं. तेलच फार निसरडं असेल तर कडी पकडणार कशी?

घाईत
पण हल्लीची जीएल-५ तेलं पितळ खात नाहीत म्हणतात. तांब्याच्या पट्टीची चाचणी पास असतात.

वंगणवेडा
बरोबर, अनेक पास असतात. पण ती चाचणी गंजाची आहे, घर्षणाची नाही. पितळ सुरक्षित राहिलं तरी कडी घसरू शकते. पुस्तिकेत जे लिहिलंय ते टाकावं, एवढंच. त्यात जीएल-४ असेल तर जीएल-४, ७५डब्ल्यू-८० असेल तर ७५डब्ल्यू-८०, आणि ऑटोमॅटिकचं एटीएफ लिहिलं असेल तर एटीएफ. असे मॅन्युअल गिअरबॉक्स आहेत. १९५९ मध्ये आलेल्या मूळ मिनीत तर गिअरबॉक्स इंजिनाच्या सम्पमध्येच, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यातच, बसवलेला होता, इंजिनाचंच तेल त्याला.

८० आणि ७५ मधला फरक थंडीत कळतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा लहान, तेवढं तेल थंडीत पातळ. त्यामुळे मृदुलाताईंचा 'गार असताना' हा भाग निम्मा तरी तेलामुळे असू शकतो. आणि गिअर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून बघू नका, दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. नव्वदचं गिअर ऑइल ऐकायला डांबर वाटतं, पण तापल्यावर साधारण चाळीस-पन्नासच्या इंजिन ऑइलइतकंच घट्ट असतं.

बदलताना एक पाळा: आधी वरचा, भरायचा प्लग सोडून बघा. तो गंजून अडला असेल आणि तुम्ही खालचा आधी उघडलात तर तेल सांडून बसाल आणि भरायला वाट नाही. भरताना गाडी सपाट, तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत.

चक्रधरकाका
आणि ताई, काढलेलं तेल फेकू नका. पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात बघा. प्लगला चुंबक असेल तर त्यावर काळपट-राखाडी लोण्यासारखा थर असतोच, तो झिजेचा नेहमीचा मळ. दोन बोटांत चोळून बघा, टोचता कामा नये. टोचणारा कण किंवा कपची म्हणजे कुठला तरी दात. तेलात सोनेरी चमचम दिसली तर ती कडीची. ती चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तेलातच शोधायची.

मागची_चाकं
+१. मागच्या चाकांच्या गाडीवाल्यांसाठी एक ओळ. आमच्यात इनपुट शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या मागे एका छोट्या पायलट बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये असतं. ते जाम झालं तर क्लच उत्तम सुटूनही शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो. लक्षणं हुबेहूब ओढणाऱ्या क्लचची, पण पेडल मारून काडीचाही फरक पडत नाही. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत बहुधा ते बेअरिंग नसतंच.

क्लचग्रस्त
माझा क्लच नुकताच बदलून आणला आणि तेव्हापासून गिअर जड. आधी जड नव्हते, क्लच घसरायचा म्हणून बदलला. हे कसं काय?

तेलकट हात
घसरणं आणि ओढणं ही दोन टोकं. घसरतो तो पुरता पकडत नाही: इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही, पण गिअर मात्र छान पडतात. ओढतो तो पुरता सुटत नाही. काम झाल्यानंतर ओढायला लागला तर आधी हवा नीट काढली आहे का बघा, केबलचा क्लच असेल तर ॲडजस्टमेंट. त्यानंतरची शक्यता तुम्हाला आवडणार नाही: प्लेट उलटी बसली, किंवा गिअरबॉक्स चढवताना त्याचं सगळं वजन काही क्षण प्लेटच्या मधल्या भागावर लोंबकळलं आणि प्लेट वाकली. ज्यांनी काम केलं त्यांच्याकडेच परत न्या, आणि लवकर न्या.

वळणवाट
टाकीत तेल खालच्या खुणेच्या जरा वर, रंग काळ्या चहासारखा. पेडलपाशी कोरडं. स्लेव्ह बाहेरच आहे, गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला, वरून हात पोचतो.

बूट मागे सारलं तर आत तेल साठलेलं, बोट बुडेल इतकं नाही पण खाली थेंब लोंबला. मग भावाला पेडल दाबून धरायला लावलं आणि मी स्लेव्हच्या काडीकडे टॉर्च मारून बसलो. पेडल दाबताच काडी फोर्कला ढकलत बाहेर आली. पेडल तिथेच धरलेलं, भाऊ म्हणतो पाय जराही हलला नाही, आणि काडी मात्र हळूहळू, डोळ्याला दिसेल इतक्या संथपणे मागे सरकत होती. बुटाच्या कडेवर नवा थेंब तयार होताना दिसला.

तेलकट हात
हेच बघायचं होतं. स्लेव्ह गेला. काडी मागे सरकली असती आणि कुठेच ओल नसती, तर तेल मास्टरच्या आतल्या सीलवरून परत टाकीत जातंय असं म्हटलं असतं.

नटबोल्ट
स्लेव्हबरोबर मास्टरही बदला. दोघांची सीलं एकाच वयाची, आणि नवा स्लेव्ह पूर्ण दाब धरायला लागला की म्हातारा मास्टर गळायला लागतो.

चक्रधरकाका
मी जरा वेगळं म्हणेन. मास्टर कोरडा आहे. आधी स्लेव्ह बदला, सगळं जुनं तेल काढून नवं भरा, मग पेडल दाबून धरून तीच काडी पुन्हा बघा. ती जागची हलली नाही तर मास्टरला कशाला हात लावता? हलली, तर बदला. गाडी जुनी असेल आणि पुन्हा हवा काढायचा कंटाळा असेल तर नटबोल्ट म्हणतात तसं करा, गैर नाही.

हवा काढताना घाई नको. ब्लीडरच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडलेलं. एकाने पेडल सावकाश तळापर्यंत दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सोडून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद करायचा, आणि मगच पेडल सोडायचं. निपल उघडा असताना पेडल सोडलं की हवा परत आत. भराभर मारू नका, तेलाला फेस येतो आणि बारीक बुडबुडे निघता निघत नाहीत. दर थोड्या वेळाने टाकी भरत राहा. ती रिकामी झाली तर सामाईक टाकीत हवा ब्रेकच्या नळ्यांतही शिरू शकते आणि मग तोही उद्योग करत बसावं लागतं.

टाकीच्या झाकणावर जे डॉट लिहिलंय तेच टाका, बाटली नवी आणि सीलबंद. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं तेल यांचा थेंबही त्यात नको, रबर फुगून सगळी सीलं जातात. आणि सांडलेलं ब्रेक ऑइल पुसून चालत नाही, पाण्याने धुवा. रंग उचलतं ते.

वळणवाट
स्लेव्ह बदलला, तेल बदललं, हवा काढली. काका म्हणाले तसं पुन्हा टॉर्च घेऊन बसलो: काडी बाहेर येते आणि पेडल सोडेपर्यंत तिथेच ठाम. मास्टर राहू दिला. क्लच आता जमिनीपासून बराच वर पकडतो, आधी अगदी तळाशी सुटायचा. गाडी चांगली तापवून, थांबवून, रिव्हर्स टाकला. आवाज नाही.

दुसरा अजून किंचित जड वाटतो, तेवढं राहिलंय.

तेलकट हात
ओढणाऱ्या क्लचवर चालवली आहे, त्यात खालच्या गिअरच्या कड्यांनी जास्तीचं काम केलंय. डबल क्लचिंगने जडपणा जातो का बघा. आणि गिअर ऑइल किती जुनं आहे?

घाईत
😀

मृदुला_एस
माझं तेल काढलं. ताटलीत उन्हात धरलं तर सोनेरी चमचम आहे, भरपूर. टोचणारं काही नाही. पुस्तिकेतलं जीएल-४ भरलंय. गार असतानाचा घास कमी झाला, पूर्ण गेला नाही. म्हणजे गिअरबॉक्स उघडावाच लागणार ना?

चक्रधरकाका
कधीतरी, आज नाही. दुसरा गिअर टाकल्यावर आपोआप उडून न्यूट्रलला येत नाही ना? नसेल तर डबल क्लचिंग करत खुशाल चालवा. फक्त हात गिअरच्या दांड्यावर विसावायची सवय असेल तर ती सोडा. त्या वजनाने आतला फोर्क स्लीव्हवर घासत राहतो.

उघडायची वेळ येईल तेव्हा नुसती कडी बदलू देऊ नका. दुसऱ्याची स्लीव्ह आणि त्या गिअरचे छोटे दात भिंगाखाली बघायला सांगा. टोकं बोथट झाली असतील तर नवी कडीही फार दिवस टिकत नाही. आणि गाडी देण्याआधी एक ऐकून ठेवा: न्यूट्रलमध्ये इंजिन चालू, क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्समधून घूंऽऽ येतो आणि क्लच दाबला की बंद होतो, असं असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्या. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर ते रिलीज बेअरिंग, तेही गिअरबॉक्स उतरल्यावरच हाती लागतं.

मृदुला_एस
आत्ताच खाली जाऊन ऐकलं. क्लच सोडलेला असताना हलका घूं आहे, दाबला की थांबतो.

चक्रधरकाका
मग तेही यादीत लिहा.